राईचा बॉडीवाला

डॉक्टर निशिगंधांनी पेन टेबलावर ठेवलं आणि विनिताला सांगितलं, की आता नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय मी तुला एकही नवीन गोळी लिहून देणार नाही. तिचा नवरा प्रणय केबिनबाहेरच्या बोळात फेऱ्या मारत होता. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे त्याला ते ऐकू आलं. ऐकू आल्याबरोबर तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली उतरला आणि पूनम सागरच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. विनिता खाली आली तेव्हा तो स्कूटर चालू करूनच थांबला होता. बाई काय म्हणाल्या, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती मागे बसली आणि दोघं मीरा रोडहून राईला आले.

प्रणय भाईंदर पश्चिमेच्या राई गावचा. आजोबांनी मिठागरात आणि भातखाचरात आयुष्य काढलं, वडिलांनी, म्हणजे धर्मानं, त्यातल्या थोड्या जमिनीवर चाळ बांधून भाडेकरू ठेवले, आणि प्रणयनं त्या चाळीच्या पुढच्या अंगाला उंच पत्र्याची शेड टाकून जिम काढली. तीन भिंतींना आरसे, एका भिंतीवर त्याचाच मोठा फोटो. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला होता तेव्हाचा. हळदीच्या मांडवात तो नाचायला उतरला, की बाकीचे बाजूला व्हायचे. शेजारच्या मुर्धा गावापर्यंतची पोरं त्याला बॉडीवाला दादा म्हणायची. लहान मुलं त्याच्या दंडाला लोंबकळायची.

अशा माणसात काही उणं असेल, हे कोणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं. त्यामुळे जे काही उणं होतं ते आपोआप विनिताच्या माथी आलं.

विनिता भाईंदरच्या पूर्वेची, खारी गावातली. एका पतपेढीत काउंटरवर नोकरी करायची. लग्नाला दीड वर्ष उलटलं आणि तिची कूस उजवली नाही, तेव्हापासून तिच्या मागे सगळं लागलं होतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनळ्यांत रंग सोडून एक्स-रे झाला, पोटाला भोकं पाडून दुर्बीण झाली. सासूनं, द्वारकानं, एकवीरेचा नवस बोलला, वसईकडच्या एका वैदूचा काढा पाजला. गावात कोणाची ओटी भरायची असली, की द्वारका सुनेला घरीच काहीतरी काम लावून जायची. विनिताला ते कळत होतं. सगळे रिपोर्ट नीट असूनही ती मान खाली घालून वावरायला लागली होती. आणि प्रणय या सगळ्यात दिवसभर जिममध्ये असायचा.

बाईंनी सांगितल्यावरही त्यानं आज-उद्या करत बरेच दिवस काढले. आज स्पर्धेची तयारी, उद्या मशीन दुरुस्तीवाला येतोय. शेवटी एका सकाळी तो चहा घेत अंगणात उभा असताना विनिता त्याच्यासमोर आली. आवाज न चढवता म्हणाली, "तीन वर्षं मी त्या टेबलावर पाय वर करून झोपतेय. तू एकदा एक डबी भरून दे."

त्यानं दिली. दवाखान्यातल्या त्या लहानशा खोलीत, कडी लावून, बाहेरच्या नर्सच्या चपलांचा आवाज ऐकत, घामाघूम होऊन. रिपोर्ट आला तो शून्याचा. वीर्यात शुक्राणू एकही नाही. प्रयोगशाळेची चूक असेल म्हणून त्यानं दुसरीकडे तपासून घेतलं. तिथंही शून्य.

त्याच दवाखान्यात पुरुषांचे डॉक्टर म्हणून गुणवंतभाई यायचे. वयस्कर गुजराती माणूस, सगळ्यांशी मोडक्या मराठीत बोलणारा. त्यांनी प्रणयला पडद्यामागे तपासलं, हात धुतले, आणि मग बराच वेळ त्याच्या दंडांकडे बघत राहिले.

"प्रणयभाई, जिममदी काय इंजेक्शन घेता?"

"प्रोटीन घेतो. बाकी काही नाही."

गुणवंतभाईंनी हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या आणि रिपोर्ट घेऊन यायला सांगितलं. प्रणय बाहेर पडला तो घरी गेलाच नाही. त्यानं स्कूटर उत्तनच्या रस्त्याला घातली, समुद्रापर्यंत गेला, चहाच्या टपरीवर चहा मागवला, न पिताच परत फिरला, पुन्हा भाईंदर स्टेशनच्या गर्दीत आला, पुन्हा वळला. कुठं थांबलं की ते शून्य समोर येऊन उभं राहायचं.

खरी गोष्ट त्याला माहीत होती. जिमच्या ऑफिसात एक छोटा फ्रिज होता. पाण्याच्या बाटल्यांच्या मागे, खालच्या कप्प्यात, टेस्टोस्टेरॉनच्या बाटल्या असायच्या. पहिल्या स्पर्धेच्या वेळी वसईकडच्या एका माणसानं आणून दिल्या होत्या. कोर्स संपला की सगळं आपोआप जाग्यावर येतं, असं तो माणूस म्हणाला होता. पण कोर्स कधी संपलाच नाही. थांबवला की दंड उतरायचे, अंगातली उमेद जायची, म्हणून प्रणय पुन्हा सुरू करायचा. आपण घेतोय त्याचा आणि मूल न होण्याचा संबंध असेल, अशी शंका त्याला आधीही आली होती. त्यानं ती दाबून टाकली होती. दंड भरत होते, लोक वळून बघत होते, आणि तपासण्या विनिताच्या चालल्या होत्या.

घरी आल्यावर त्यानं विनिताला शून्याचं सांगितलं. कारण सांगितलं नाही. नशिबाचं असतं एकेक, अशा थाटात बोलला. विनिता रडेल, ओरडेल, माहेरी फोन करेल, अशी त्याची अटकळ होती. तसं काही झालं नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच निशिगंधाबाईंना भेटून आली आणि तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. काही पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू नसले तरी अंडकोषात थोडेफार असतात, ते छोट्या ऑपरेशननं शोधता येतात. मिळाले तर एकेक शुक्राणू बायकोच्या एकेका बीजात सुईनं सोडतात, त्याला इक्सी म्हणतात. नाहीच मिळाले तर बँकेतून दात्याचे घेता येतात, दाता कोण ते कोणालाच कळत नाही. नाहीतर मूल दत्तक घेता येतं.

"मला दात्याचंही चालेल," ती म्हणाली. "माझ्या पोटात वाढेल. तुझ्या अंगाखांद्यावर खेळेल. गावाला कशाला सांगायचं?"

ती हे त्याची समजूत घालायला बोलत होती. पण प्रणयच्या काळजात ते कुऱ्हाडीसारखं बसलं. जिच्याशी आपण खोटं बोलतोय, ती आपल्यासाठी परक्याचं बीज पोटात वाढवायला तयार झालीय, आणि आपल्या बाटल्या अजून फ्रिजमध्ये आहेत. तो उठला, जिममध्ये गेला, सत्तर किलोचा बार उचलून ठेवला, पुन्हा उचलला. आरशात तीन बाजूंनी त्याचा तोच देह दिसत होता. त्याला आरशाकडे बघवेना.

त्याच आठवड्यात तो गुणवंतभाईंकडे एकटा गेला. रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, मी खोटं बोललो."

गुणवंतभाईंनी रिपोर्ट उघडलाही नाही. मला माहीत हाय, असं म्हणाले. मग त्यांनी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. शरीराचा आपला कारखाना असतो, मेंदू त्याला ऑर्डर देतो. बाहेरून तयार माल यायला लागला, की मेंदू म्हणतो, आपल्याला काय गरज, आणि शटर खाली करतो. बाहेरून दंड भरतात, आत कारखाना बंद.

"शटर परत उघडेल?"

"बहुतेकांचं उघडते. कधी, ते मी नाय सांगू शकत. काहींचं अर्धंच उघडते. आत्ता ऑपरेशन-बिपरेशन नको. आधी सगळं बंद करायचं, मी देतो ती औषधं घ्यायची, आणि थांबायचं."

थांबायचं. प्रणयला त्यापेक्षा भारी वजन कोणी उचलायला सांगितलं नसतं.

त्यानं बाटल्या फोडून खाडीच्या बांधापलीकडे टाकायचा विचार केला, मग कोणाच्या पायात काचा जातील म्हणून औषधं बेसिनमध्ये ओतली आणि बाटल्या कचऱ्यात दिल्या. त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले सर्वांत वाईट गेले. दिवसाढवळ्या घाम फुटायचा. सकाळी अंथरुणातून उठताना अंगात शिसं ओतल्यासारखं वाटायचं, आणि उठला की एका जागी पाय ठरायचे नाहीत. गिऱ्हाइकांवर खेकसायचा. एकदा टीव्हीवरची साबणाची जाहिरात बघताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तो तोंड धुवायचं निमित्त करून मोरीत गेला. दंड उतरायला लागले. टी-शर्टच्या बाह्या सैल झाल्या. पोरं विचारायला लागली, दादा, काय झालं? डेंग्यू झाला होता, असं तो सांगायचा. गावात डेंग्यू कायमच असतो, त्यामुळे ते पटायचं.

विनिताला मात्र ते पटणारं नव्हतं. ती त्याच्या औषधांकडे बघायची, त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. तिचं ते न विचारणंच त्याला सहन होईना.

एका दुपारी ती मागच्या दारी करंदी, बारीक कोळंबी, सोलत बसली होती. प्रणय दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. फ्रिज, बाटल्या, वसईचा माणूस, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. ती सोलत राहिली. ताटलीतली करंदी संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "माझ्या पोटात दुर्बीण घातली तेव्हा तू ते घेत होतास?"

"हो."

"आई मला त्या वैदूकडे घेऊन गेल्या तेव्हा?"

"हो."

"तुला शंका पण आली नव्हती?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. "आली होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता रिक्षा करून खारीला निघून गेली. भांडली नाही, दार आपटलं नाही. सासूला म्हणाली, थोडे दिवस आईकडे जाऊन येते. द्वारका पुटपुटली, की एवढ्यात कशाला, ऑफिसला इथूनच जवळ पडतं. तेवढंच.

प्रणयची घालमेल आता आणखी वाढली. संध्याकाळी जिम सांभाळायला कोणालातरी बसवून तो स्कूटर काढायचा, पुलावरून पूर्वेला उतरायचा, खारी गावच्या तळ्याजवळ पोहोचायचा. विनिताच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि वळून परत यायचा. रोज. एकदा तिच्या भावानं, निकेतनं, त्याला पाहिलं आणि घरी चला म्हणून आग्रह केला. इकडे काम होतं, असं सांगून प्रणय सटकला.

अशात हृतिकचं लग्न ठरलं. हृतिक त्याचा चुलत भाऊ, दुर्गाकाकीचा एकुलता एक. वसईकडच्या आगरी घरातली चांदणी नावाची मुलगी, हळद मोठी होणार होती, बॅन्जो पार्टीही ठरली होती. हृतिकला लग्नापर्यंत अंग भरायचं होतं. आदल्या वर्षी त्यानं प्रणयकडूनच पहिला कोर्स घेतला होता, प्रणयनंच स्वतःच्या हातानं सुई टोचली होती. आता तो पुन्हा मागायला आला. प्रणयनं माल नाही म्हणून टाळलं. थोड्या दिवसांनी त्याला कळलं, की हृतिकनं थेट वसईच्या माणसालाच गाठलंय.

तेव्हापासून प्रणयला घास गोड लागेना. सांगायचं म्हणजे स्वतःचं शून्य उघडं करायचं. हृतिकच्या पोटात काही राहत नाही, हे गावाला माहीत होतं. आणि नाही सांगितलं तर? त्या चांदणीला कोणीतरी उद्या एखाद्या टेबलावर झोपवणार. प्रणयनं दोन-तीनदा हृतिकला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. शेवटी एका दुपारी त्याला खाडीच्या बांधावर बोलावून घेतलं. ओहोटी होती, चिखलात खेकडे पकडणारी दोन माणसं लांब दिसत होती.

"ते घेणं बंद कर," प्रणय म्हणाला. "माझं मूल होत नाय ते त्याच्यामुळं. माझ्यात एकपण जीव नाय राहिला."

हृतिक आधी हसला. दादा मस्करी करतोय, असं त्याला वाटलं. मग त्यानं प्रणयचे उतरलेले दंड पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू दिलंस मला ते. तेव्हा का नाय बोललास?"

"तेव्हा मी स्वतःलाच नाय बोललो."

हृतिक शिवी देऊन निघून गेला. बांधावरून जाताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाकाकी धर्माच्या ओटीसमोर येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, की तुमच्या पोरानं माझ्या पोराला सुया टोचल्या, स्वतः तर नापीक झालाच, आता माझ्या घराण्याचा वंश बुडवायला निघाला. चाळीतल्या भाडेकरणी दारात आल्या. धर्मा खुर्चीत होता तो तसाच राहिला. द्वारका तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. प्रणय जिमच्या दारात होता. त्यानं काकीला एका शब्दानं अडवलं नाही. खोटं काहीच नव्हतं.

काकी गेल्यावर द्वारकानं मुलाला एवढंच विचारलं, की खरं हाय का. तो हो म्हणाला. तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही. धर्मानं कोपऱ्यावरून वडापाव आणले.

दुसऱ्या दिवशी द्वारका कोणाला काही न सांगता नेसून तयार झाली आणि बाहेर पडली. ती कुठं गेली ते प्रणयला नंतर विनिताकडून कळलं. ती खारीला विहिणीच्या घरी गेली होती. पाणी घेतलं, चहा घेतला नाही. घरात विनिताची आई, निकेत, शेजारची एक बाई, सगळे होते. त्यांच्या समोर द्वारका म्हणाली, "खोट माझ्या पोरात हाय. ही पोर उगाच भोगली. त्यानं भोगवली त्याच्यापेक्षा मी जास्ती भोगवली." विनिताला घरी चल, असं ती म्हणाली नाही. तेवढं बोलून उठली आणि रिक्षा शोधत रस्त्यावर गेली.

विनिता त्यानंतर काही दिवसांनी परत आली. कपड्यांची बॅग कपाटात ठेवता ठेवता तिनं प्रणयला सांगितलं, "मला मूल हवंय, म्हणून आलेय. बाकीचं नंतर बघू."

हृतिकची हळद दणक्यात झाली. काकीनं प्रणयला बोलावलं नाही, तो गेलाही नाही. बॅन्जोचा आवाज सगळ्या गावात घुमत होता आणि तो जिममधल्या प्लेटा पुसून पुसून लावत होता. हळदीच्या दुसऱ्या दिवशी, वऱ्हाड निघायच्या गडबडीत, हृतिक कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मागच्या वाटेनं आला. दारातच उभा राहिला.

"दादा, मी तपासून घेतलं. कमी हाय, पण हाय. बंद केलंय मी." मग म्हणाला, "चांदणीला सांगितलंय." आणि त्याला कोणीतरी हाका मारत होतं म्हणून पळाला. प्रणय त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवला.

हिवाळा सरत आला तेव्हा गुणवंतभाईंनी पुन्हा तपासणी करायला सांगितली. प्रणयनं नमुना दिला आणि रिपोर्ट यायच्या आधीच तो खाली रस्त्यावर जाऊन मेट्रोच्या खांबांखालून चालत सुटला. विनितानं फोन करून त्याला परत बोलावलं. गुणवंतभाई हसत होते. फार नव्हते, पण होते. थोडे हलणारे, काही मंद. शटर थोडं वर झालंय, ते म्हणाले, आणि हे आहेत तेवढे आधी गोठवून ठेवू, भरवसा नको.

मग निशिगंधाबाईंनी दोघांना समोर बसवलं. आणखी थांबलं तर आकडा वाढू शकेल, कदाचित काही न करताही दिवस जातील. नाहीतर आहेत त्यांच्यावर इक्सी करता येईल, त्याला थोडेच पुरतात. त्यातही पहिल्या खेपेला यश येईलच असं नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. प्रणयनं तोंड उघडायच्या आत विनिता म्हणाली, की आता मी थांबणार नाही. तिचं तेहेतिसावं वर्ष सरत आलं होतं. प्रणयनं फक्त मान हलवली.

आता इंजेक्शनं विनिताला सुरू झाली, रोज संध्याकाळी पोटात, बीजं वाढण्यासाठी. पतपेढीतून आल्यावर दवाखान्यात जाणं तिला जमेना, तेव्हा नर्सनं प्रणयला शिकवायला घेतलं. त्याला शिकवण्यासारखं फार नव्हतं. त्यानं सुई उभी धरली, बुडबुडा काढला, चिमटीत कातडी धरली आणि विनिताला कळायच्या आत टोचून काढली.

"हात चांगला बसलाय तुझा," विनिता म्हणाली.

त्यात टोमणा होता, आणि थोडं हसूही होतं. प्रणयनं सुई डबीत टाकली आणि झाकण दाबून लावलं. त्यानंतर रोज टोचताना तो काहीतरी बोलत राहायचा, जिममधलं, गावातलं, काहीही. तिच्या पोटावरचे निळे डाग वाढत गेले. स्वतःच्या दंडावर असले डाग त्यानं अभिमानानं मिरवले होते. हे डाग बघताना त्याला जागेवर उभं राहवत नव्हतं.

पहिली खेप फुकट गेली. तीन गर्भ तयार झाले होते, एक गर्भाशयात सोडला, दोन गोठवून ठेवले. विनिता काउंटरवर बसलेली असतानाच तिला पाळी आली. ती बाथरूममध्ये गेली, परत येऊन गिऱ्हाइकांच्या पावत्या पूर्ण केल्या आणि मग प्रणयला फोन केला. तो इतक्या घाईनं निघाला की वाटेत स्कूटर एका टेम्पोला घासली. पतपेढीच्या बाहेर दोघं उभे राहिले. तो काहीतरी धीराचं बोलायला गेला आणि त्यालाच हुंदका आला. विनितानं त्याला बाजूला नेलं, पाण्याची बाटली दिली. घरी गेल्यावर द्वारकानं सुनेच्या पायांना तेल चोळून दिलं.

मधले महिने असे गेले, की दिवस मोजायचे नाहीत असं दोघांनी ठरवलं होतं आणि दोघंही मनातल्या मनात मोजत होते. प्रणयनं भिंतीवरचा तो मोठा फोटो उतरवून ठेवला. नव्या पोरांना तो सुयांबद्दल सरळ सांगायला लागला, आडपडदा न ठेवता, स्वतःचं नाव घेऊन. काही पोरं दुसऱ्या जिममध्ये गेली. सकाळच्या वेळेला गुडघे दुखणारी, रक्तदाबवाली मोठी माणसं यायला लागली. गावात त्याच्या पाठीमागे लोक काय बोलतात ते त्याला माहीत होतं. कधी ते त्याच्या तोंडावरही यायचं, हळदीत एखादा दारूच्या भरात बोलून जायचा. प्रणय ऐकून घ्यायचा, पण मग मांडवात थांबायचा नाही.

गोठवलेल्या दोनपैकी एक गर्भ पावसाळ्याच्या शेवटी सोडला. या वेळी रक्ताची तपासणी चांगली आली. पुढची सोनोग्राफी नीट, त्यापुढचीही नीट. प्रत्येक वेळी प्रणय आधी बाहेर फेऱ्या मारायचा आणि मग निशिगंधाबाई त्याला दरडावून आत बोलवायच्या. सातव्या महिन्यात द्वारकानं सुनेला विचारलं, ओटी भरायची का. विनिता म्हणाली, नको. मोठा समारंभ नकोच. द्वारकानं पुन्हा विचारलं नाही. खारीहून विनिताची आई आली आणि तिनं घरातल्या घरात नारळ-तांदूळ घातले, एवढंच झालं.

उन्हाळ्यात भाईंदरच्या दवाखान्यात मुलगी झाली. वजन जरा कमी, पण आवाज खणखणीत. नाव विनितानं ठेवलं, ममता. द्वारकाला आणखी मोठं, देवीचं नाव हवं होतं, पण तिनंही ममता म्हणूनच हाक मारली. दुर्गाकाकी बाळाला बघायला आली. बाळाच्या हातात पैसे ठेवले, प्रणयशी बोलली नाही, जाताना मात्र डबा मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यातून डिंकाचे लाडू पाठवले. गुणवंतभाईंनी प्रणयला पुन्हा तपासलं. आकडा आणखी वाढलेला होता. पुढचं मूल कदाचित काही न करता होईल, ते म्हणाले. पुढचं कोण बोलतंय, असं विनिता म्हणाली.

ममता सहा महिन्यांची झाल्यावर विनिता कामावर जायला लागली. एका रविवारी दुपारी मुलगी द्वारकाकडे झोपली होती आणि दोघं ओटीवर होती. प्रणय कठड्याला धरून उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. कित्येक महिन्यांपासून मनात घोळणारं त्यानं शेवटी विचारलं.

"तुला अजून राग आहे का माझा?"

विनितानं वाळत घातलेले कपडे काढता काढता विचार केला.

"आहे," ती म्हणाली. "रोज नसतो."

त्याला वाटलं होतं, नाही म्हणेल, किंवा रडेल. यातलं काही झालं नाही. ती कपड्यांचा ढीग घेऊन आत निघाली आणि दारातून म्हणाली, की बाळाचं दूध संपलंय, कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत घेऊन ये. प्रणयनं चप्पल पायात सरकवली आणि तो पायऱ्या उतरून निघाला.